लाल टोपण

माझी बायको गाडी चोकवर चालवत नव्हती. हे मी आधी सांगून ठेवतो, कारण आमच्या भागात आता जो तो उलटं सांगत फिरतो. गॅरेजवाला सांगतो, चहाच्या टपरीवर सांगतात, माझ्या पोटच्या पोरानंही फोनवर तेच सांगितलं. गाडी बाईच्या हातात होती, बाईनं चोक ओढून ओढून कार्बोरेटर खाल्लं. चोक म्हणजे गार इंजिन लावताना हवा कमी करून पेट्रोल वाढवायची खुंटी, गाडी तापली की ती आत ढकलायची असते. मेलेलं माणूस उत्तर द्यायला येत नाही. म्हणून मी देतो.

तिचं नाव गीताबाई. श्रावणात कावीळ झाली आणि अकरा दिवसांत गेली. त्यावर मला जास्त लिहायचं नाही.

गाडी म्हणजे जुनी मारुती व्हॅन. घेतली तेव्हा पांढरी होती, आता सायीसारखी पिवळट झाली. या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. डावं सीट उचललं की खाली कार्बोरेटर दिसतं. त्या डाव्या सीटवर मी नऊ वर्षं बसलो. त्याआधी गाडी मीच चालवायचो. एका साली फडात ऊस तोडताना उजव्या डोळ्यात पातं गेलं, डोळ्यात फूल पडलं. त्या डोळ्याला समोरून येणारा ट्रक धुरातून आल्यासारखा दिसतो. तेव्हा गीता म्हणाली, मी शिकते. वय चाळिशीचं. गायरानात शिकली, परभणीला जाऊन लायसन काढून आली. गाव हसलं. बाई स्टेरिंगवर आणि नवरा शेजारी डबा धरून. हसू दिलं.

तिची आठ बायांची टोळी होती. खुरपणी, सोयाबीनची काढणी, कापसाची वेचणी. पूर्वी या बाया गावातल्या आबासाहेबांच्या टेंपोत जायच्या. खताच्या पोत्यांवर बसायचं, टेंपो नेईल त्या रानात उतरायचं, दिवसभर रोजावर राबायचं. कंबर सरळ केली की बांधावरून आवाज यायचा, वाका गं. गाडी हाताशी आली तशी गीता गुत्तं घ्यायला लागली. एकरावर काम बोलायचं, काम संपलं की घर गाठायचं. कधी दुपारी तीनलाच बाया हातपाय धुऊन दारात बसलेल्या दिसायच्या. आबासाहेबांना ते कधी पचलं नाही.

राणीसावरगावच्या पलीकडे दिनकररावांचं बारा एकर सोयाबीन असतं. त्यांनी आषाढातच गीताला शब्द दिला होता की काढणी तुमच्याच टोळीला. ती गेल्यावर घरी येऊन बसून गेले. भादवा सरत आला तसा त्यांचा फोन आला.

"सिताराम, शेंगा वाळल्यात. सोमवारी टोळी आली तर काम तुमचंच. न्हाईतर मी मशीन लावतो. मला बी थांबता येईना."

त्यांचं चूक नव्हतं. भादव्याच्या उन्हात वाळलेली शेंग तडकते आणि दाणा मातीत जातो. मी म्हणालो, येतो. म्हणालो खरं, पण गाडी सव्वा महिना दारात जागेवर उभी होती.

स्टार्टर मारला. घरघरली, खोकली, गप झाली. चार वेळा मारल्यावर बॅटरी बसली. ट्रॅक्टरला बांधून गाडी राणीसावरगावला नागेशच्या गॅरेजवर नेली. नागेश तिशीतला. हात चांगला आहे, तोंड वाईट. त्यानं डावं सीट उचललं, कार्बोरेटर सोडवून बाहेर काढलं, उघडलं आणि मला दाखवलं. आत जुन्या पेट्रोलची पिवळी राळ बसली होती, डिंकासारखी.

"हे बगा काका. पेट्रोल वाळून चिटकलंय. जेट बंद."

ते खरं होतं. त्यानं तारेनं जेट, म्हणजे पेट्रोल यायची बारीक भोकं, मोकळे केले, पेट्रोलनं धुतले, हवा मारली. मी स्टुलावर बसून बघत होतो. कार्बोरेटर परत बसवताना त्याचा हात खाली गेला आणि काहीतरी ओढून बाहेर आला.

"काका, इंजिनात काय निघालं बगा की."

स्केचपेनचं लाल टोपण होतं. आत सायकलच्या रबरी वॉलट्यूबचा तुकडा कोंबलेला, वरून काळ्या दोऱ्याचे पाच-सहा वेढे.

"काकू गाडीत शाळा भरवायच्या का वो?"

तिथं दोन गिऱ्हाइकं बसली होती, ती हसली. मीही हसलो. हे लिहायला नको वाटतं, पण हसलो. नागेशनं ते टोपण मागच्या नालीत फेकलं.

गाडी लागली. पण पाय उचलला की बंद पडायची. चोक अर्धा ओढून ठेवला तर चालायची.

"नवीन साफ केलंय ना, दोन दिवस असंच ऱ्हातं," नागेश म्हणाला. "चोक थोडा वढून ठेवा. आपोआप बसंल."

गाडी आणायला मी धम्मशीलाला बोलावून घेतलं होतं. ती टोळीतलीच, आमच्या शेजारची, मला मामा म्हणते. गीतानं तिला वर्षभर शिकवलं होतं आणि लायसनही काढायला लावलं होतं. ती एस.टी.नं आली, स्टेरिंगवर बसली. घरापर्यंत आम्ही काळा धूर सोडत आलो. डोळे चुरचुरावेत एवढा पेट्रोलचा वास. धम्मशीला एकदाच म्हणाली, "मामा, मामी तर चोक लगीच बंद करायच्या. हिवाळ्यात बी गल्लीच्या तोंडालाच आत ढकलायच्या."

"नवीन साफ केलंय," मी म्हणालो. नागेशचं वाक्य मी माझं म्हणून बोललो.

गुरुवारी जवळच एक दोन एकरांचं काम होतं. म्हटलं, बायांना घेऊन जाऊ, गाडीचीही परीक्षा होईल. आठ बाया, आठ विळे, पाण्याचा कॅन, भाकरीची गठुडी. फाट्यावर वळताना धम्मशीलाला ब्रेक दाबावा लागला आणि गाडी मेली. चोक पूर्ण ओढला, आता इंजिनच पेट्रोल पिऊन बसलं. लागेचना. बाया उतरल्या, ढकलायला लागल्या. मी मागून खांदा लावला. डांबर तापलेलं, चपलेचा तळ चिकटत होता. बबिता माझ्या शेजारी ढकलत होती. तिचं वय पन्नास, तोंड फाटकं, मन चांगलं. ती दम टाकत म्हणाली, "दाजी, गाडीनं आमाला न्यावं का आमी गाडीला? काय ठरलंय त्ये सांगा."

बाया हसल्या. मला हसू आलं नाही.

तेवढ्यात मागून आबासाहेबांचा टेंपो आला. ते पुढं ड्रायव्हरशेजारी बसले होते. टेंपो थांबवून त्यांनी काच खाली केली.

"काय रे सितारामा, गाडीचं बी मन लागंना का गीताबिगर?"

मी खांदा तसाच ठेवून उभा राहिलो.

"हे बग. बायांना उद्यापासून माझ्या टेंपोत बसू दे. दिवाळीपर्यंत पुरा हंगाम माझ्याच रानात, रोजानं. कुणाची ढकलाढकली नको. तू बी ये. बस मागं पोत्यावर."

"सोमवारी दिनकररावाकडं काम हाय, आबासाहेब."

"कशात जाणार? ह्यात?" त्यांनी हात बाहेर काढून आमच्या व्हॅनच्या पत्र्यावर दोन बोटं वाजवली. "बायांनो, सोमवारी सकाळी सातला टेंपो पारापाशी लागंल. ज्यांना यायचं त्यांनी या. एकदा सोमवार गेला की मग मी दुसरीकडून माणसं आणीन. मग म्हनू नका."

टेंपो गेला. कुणी माझ्याकडं बघेना. त्या दिवशी आम्ही दीड तास उशिरा रानात पोचलो. ऊन चढलेलं, शेंगा हाताला लागताच फुटत होत्या आणि मालक बांधावर उभा राहून प्रत्येक फुटलेली शेंग मोजल्यासारखा बघत होता. बायांच्या बोटांना काप गेले. वाळलेलं सोयाबीन कापताना बोटाला असा काप जातो की रक्त लगेच येत नाही, घामानं झोंबल्यावरच कळतं. संध्याकाळी धम्मशीलानं हातावर हळद लावली आणि गाडी घरी आणली. तीन वेळा बंद पडली.

शुक्रवारी परत नागेशकडे. परत सीट वर, परत कार्बोरेटर बाहेर. परत धुतलं, परत हवा. स्क्रू पिळला, उलटा पिळला. प्लग काढून दाखवले, कोळशासारखे काळे. चोक आत ढकलला की गाडी दोन झटके द्यायची आणि गप. नागेश घामानं भिजला. गिऱ्हाइकं थांबली होती. कुणीतरी विचारलं, "काय रं, हुईना का?"

मग तो बोलला. स्वतःचा हात कमी पडला हे माणूस सहसा म्हणत नाही.

"आता काय करू. कार्बोरेटरच खाल्लंय. ड्रायव्हर बाई व्हती ना. ह्या बायका चोक वढत्यात आन् आत ढकलायचं इसरत्यात. पर्स टांगत्यात त्याला."

"नीट बोल, नागेश."

"मी कुठं वाईट बोललो काका? खरं त्ये सांगितलं. नांदेडहून जुनं कार्बोरेटर मागवावं लागंल. आठ दिवस."

"सोमवारी काम हाय."

"मग चोकवर चालवा. काकू चालवतच व्हत्या की."

हातात पाना होता. मी तो पत्र्यावर आपटला. मोठा आवाज झाला, बाकी काही झालं नाही. धम्मशीला गाडीत बसली होती, मान खाली घालून. तिच्याही कानावर ते पडलं होतं. ती पण बाईच.

शनिवारपर्यंत ते गावात पोचलं होतं. टपरीवर मी गेलो तसा विषय बदलला. ज्याला स्कूटरचा प्लग काढता येत नाही तोही मला कार्बोरेटर समजावून सांगायला लागला. संध्याकाळी सिद्धोधनचा फोन आला. तो चाकणला कंपनीत आहे, गाड्यांचेच भाग बनवतो.

"बाबा, कशाला मागं लागता त्या डबड्याच्या. कार्बोरेटरच्या गाड्या गेल्या आता. भंगारात द्या."

"तुझ्या आयची गाडी हाय."

"म्हणूनच सांगतो. आईला चोकचं भान राहायचं नाही, असं गावातलं पोरगं सांगत होतं. इंजिनपर्यंत गेलं असेल."

"तू कवा बसलास तिच्या गाडीत? वर्षातून दोनदा. मी नऊ वर्षं बसलो."

फोन मी ठेवला. राग पोराचा आला, पण ठेवल्यावर दुसराच आला. नऊ वर्षं बसलो ना. मग मला काय माहीत आहे? बुडाखाली इंजिन होतं. थंडीत ऊब लागायची, उन्हाळ्यात भाजायचं. बस, एवढंच. ती सीट उचलून काही करत असायची तेव्हा मी उतरून विडी ओढत उभा राहायचो. काय करते म्हणून विचारलं नाही. ती म्हणायची, झालं, बसा. मी बसायचो.

रविवारी सकाळी भाकरी तशीच ठेवून उठलो. गाडीपाशी गेलो. सीट उचललं, चोक ओढला, खिडकीतून हात घालून चावी फिरवली. लागली. आता मी काही मिस्तरी नाही. डोळाही एकच. पण कान शाबूत आहेत. डोळ्याला दिसत नव्हतं म्हणून मी मान आत घालून कान लावला. गरम हवा तोंडावर येत होती. इंजिनाच्या धडधडीखाली एक बारीक आवाज होता. सुईईई. सायकलची हवा जाते तसा, पण उलटा. काहीतरी आत ओढत होतं.

बोटानं चाचपत गेलो. एक-दोन ठिकाणी चटका बसला. कार्बोरेटरच्या खालच्या अंगाला पेनाएवढी जाड एक आखूड नळी होती. तिला काहीच जोडलेलं नव्हतं. उघडं तोंड. बहुतेक कधीकाळी तिला रबरी पाइप असेल आणि तो उंदरांनी खाल्ला असेल, आमच्या गोठ्यात उंदीर ट्रॅक्टरच्या वायरी खातात. मी तिच्यावर अंगठा ठेवला.

अंगठा ओढला गेला. लहान लेकरू पितं तसा. त्याच घटकेला इंजिनचा आवाज बदलला. फडफड गेली, एकसारखं झालं. मी डाव्या हातानं चोक आत ढकलला. पूर्ण. गाडी चालूच राहिली. चुलीवर भात शिजतो तशी, एका लयीत.

अंगठा काढला, तर दोन झटके आणि बंद.

परत चोक, परत चालू, परत अंगठा, परत चोक आत. चालली. मी तसाच वाकून उभा राहिलो. कंबर दुखायला लागली, अंगठा भाजायला लागला, पण काढवेना. हा आवाज मी सव्वा महिन्यानं ऐकत होतो. मी हाक मारली.

"धम्मशीला."

ती पिठाच्या हातांनीच धावत आली. आवाज तिनंही ऐकला होता.

"मामा, लागली की. काय केलंत?"

"हितं नळी हाय एक. अंगठा ठिवला की चालती."

तिनं वाकून बघितलं. मग माझ्या तोंडाकडं बघितलं.

"टोपण कुठाय?"

"कसलं टोपण?"

"मामीनं लावलेलं. आमच्या पोरीच्या, राजनंदिनीच्या पेनाचं. उंदरानं पाइप खाल्ला तवा गाडी अशीच कराय लागली व्हती. मामीनं दोन दिवस नुसती बोटं लावून लावून बघितलं. मग वॉलट्यूब घातली, वरून टोपण, दोरा. पोरगी लय रडली वो, लाल पेन वाळून गेला म्हनून. तीन साल झाले, एकदा बी बंद पडली न्हाई."

माझा अंगठा नळीवरच होता. तिनं परत विचारलं, "मामा, टोपण पडलं का कुठं?"

"चल राणीसावरगावला," मी म्हणालो.

"मी दुसरं करून देते. हिरवं हाय घरी. कशाला जायचं?"

"चल म्हनलं ना."

तिनं हात धुतले. ती चालवत होती, चोक ओढून, धूर सोडत. मी मुद्दाम नळीला काहीच लावू दिलं नाही.

रविवार असला तरी गॅरेजवर पाच-सहा माणसं होती. मी उतरलो, सीट उचललं आणि नागेशला हाक मारली. तो हात पुसत आला.

"काका, सांगितलं ना, नांदेडहून..."

"चोक आत ढकल."

त्यानं ढकलला. गाडी बंद पडली.

"आता वढ आन् चालू कर."

चालू झाली. मी त्याचं मनगट धरलं. माझे हात कोयत्यावर गेलेले आहेत, अजून पकड आहे. त्याचा अंगठा नेऊन मी त्या नळीवर दाबला. अंगठा ओढला गेला तसं त्याचं तोंड बदललं. कामाचा माणूस आहे, त्याला लगेच कळलं.

"आता मी चोक आत ढकलतो. बग."

ढकलला. गाडी चालत राहिली. बघणारी माणसं जवळ आली.

"काय घ्यायलीय गाडी?"

"हवा," तो हळू म्हणाला.

"मोठ्यानं बोल. शुक्रवारी मोठ्यानं बोलला व्हतास."

"हवा घ्यायलीय काका."

"कुठून?"

"ह्या नळीतून."

"हितं काय व्हतं?"

तो मनगट सोडवायला बघत होता, मी सोडलं नाही. खाली लोखंड तापत चाललं होतं. त्याचा अंगठा लाल झालेला मला दिसत होता.

"हितं काय व्हतं, नागेश? कुणी काढलं? कार्बोरेटर कुणी खाल्लं, सांग ह्या माणसांना."

"टोपण व्हतं," तो म्हणाला. "मी काढलं. मला वाटलं कचरा हाय."

"आन् नाव कुणाचं घेतलंस?"

त्याचे डोळे भरले होते. चटक्यानं असतील, कशानं असतील. मग त्यानं माझ्याकडं सरळ बघितलं आणि बोलला. आवाज चढवून नाही, सांगायचं म्हणून.

"काका, तवा तुमी बी हसल्ता."

मी मनगट सोडलं. गाडी दोन झटके देऊन बंद पडली. धम्मशीला स्टेरिंगवर होती. ती माझ्याकडं बघत होती, म्हणून मी तिच्याकडं बघितलं नाही.

गॅरेजच्या मागं गेलो. नाली ऑइलनं काळी, गुटख्याच्या पुड्या, कागदी कप, कुणाचा तरी फुटका चष्मा. एक काडी घेऊन ढवळायला लागलो. उजव्या डोळ्यानं तर काहीच दिसत नव्हतं, डाव्याला सगळंच काळं. थोड्या वेळानं नागेश एक सळई घेऊन आला. अंगठा तोंडात धरून दुसऱ्या हातानं तोही ढवळायला लागला. त्यानं एकदा काहीतरी लाल वर काढलं, ते बाटलीचं झाकण निघालं. दुपारचं ऊन डोक्यावर आलं तरी आम्ही शोधत होतो. टोपण सापडलं नाही.

शेवटी तो आत गेला आणि चांगलं रबरी बूच घेऊन आला. नळीवर बसवलं, वरून क्लिप आवळली.

"हे निघणार न्हाई काका."

"पहिलं बी निघालं नव्हतं," मी म्हणालो.

सोमवारी साडेसहाला आम्ही गल्लीतून निघालो. चार बाया घरूनच गाडीत बसल्या. बाकीच्या तीन पाराकडे गेल्या आहेत असं कळलं. त्यांना दोष देत नाही. गुरुवारी ढकलून ढकलून त्यांच्या पिंढऱ्या दुखल्या होत्या.

पारापाशी टेंपो लागलेला. आबासाहेब खाली उभे होते, ब्रशनं दात घासत. बबिता आणि दोघीजणी मागं पोत्यांवर बसलेल्या, विळे मांडीवर. मी धम्मशीलाला म्हणालो, टेंपोच्या बरोबर शेजारी लाव. तिनं लावली, गाडी न्यूट्रल केली आणि पाय उचलला.

आबासाहेब वाट बघत होते. गाडी बंद पडायची वाट. त्यांनी चूळ भरली, थुंकले. गाडी चालूच होती.

"लागली का रे?" ते म्हणाले. "कुणी दुरुस्त केली? नागेशनं का?"

"गीतानं," मी म्हणालो. "तीन सालामागं. मधी मी आन् नागेशनं मिळून मोडली व्हती."

"म्हंजे?"

"म्हंजे तुमी ऐकलं त्ये खोटं हाय. चोक आत हाय, या, बगून घ्या."

ते आले नाहीत. पण बबिता पोत्यावरून उठली. टेंपोच्या फळीवरून खाली पाय सोडला, पातळ सावरलं आणि उतरली. आमच्या खिडकीपाशी येऊन तिनं मान आत घातली. चोकच्या खुंटीवर बोट टेकवून ती आणखी आत दाबून बघितली, जाते का. गेली नाही, पूर्ण आतच होती.

"गीताचं इंजिन हाय दाजी हे," ती म्हणाली. "असंच बोलायचं."

ती मागं बसली. तिच्या मागून दोघी उतरल्या. एकीनं पोत्याची खताची पावडर लुगड्यावरून झटकली, तिथंच, आबासाहेबांसमोर, अगदी सावकाश. दार सरकलं आणि लागलं.

"गीता गेली तरी मस्ती गेली न्हाई रे तुमची," आबासाहेब म्हणाले.

मी डाव्या सीटवर बसलो होतो, खालून ऊब लागायला सुरुवात झाली होती. अंगठ्यावर कालचा फोड होता, तो मी दाबून धरला.

"मामा, निघू का?" धम्मशीलानं विचारलं. "ऊन चढंल."

"थांब," मी म्हणालो. "चालू दे जरा जागेवर. ऐकू दे त्यांना."